वेरूळ-म्हैसमाळच्या सहलीत सकाळचा नाष्टा: वार, वेळ, निवड आणि बिल

छत्रपती संभाजीनगरहून पहाटे निघालेले कुटुंब दौलताबादचा किल्ला मागे टाकते, दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीतून गाडी घाटात चढते आणि खुलताबाद जवळ येता येता गाडीतल्या सगळ्यांना एकदमच भूक लागते. पुढे एका वाटेने वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वर, दुसऱ्या वाटेने म्हैसमाळचे पठार, आणि या दोन्ही वाटांवर पत्र्याच्या छपराखाली किंवा नव्या काचेच्या दारामागे थाटलेली नाष्ट्याची हॉटेले. गाडी कुठे थांबवायची हा निर्णय बहुतेक जण पाटी पाहून घेतात आणि काय खायचे हा निर्णय मेनूकार्ड पाहून. माझ्या मते हे दोन्ही निर्णय स्वयंपाकघराकडे पाहून घ्यावेत. फळ्यावर चाळीस पदार्थ लिहिलेले असले, तरी लहान गावातल्या हॉटेलात त्या घटकेला खरोखर ताजे असे चार-पाचच पदार्थ असतात. ते कोणते, हे ओळखता आले की कमी पैशांत आणि कमी वेळात उत्तम नाष्टा होतो. ते कसे ओळखावे, हे क्रमाने सांगतो.

वार आणि वेळ आधी ठरवा

सहलीच्या गावातले हॉटेल गर्दीच्या अंदाजाने सामान भरते, म्हणून आपण कोणत्या वारी जात आहोत यावर ताटात काय येणार हे बरेचसे ठरते. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. (अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, आणि या दोन वारांची गल्लत करून आलेली कुटुंबे मी अनेकदा पाहिली आहेत.) मंगळवारी वेरूळच्या बाजूला गिऱ्हाईक कमी असते, त्यामुळे एकदा केलेले पोहे लवकर संपत नाहीत आणि तेच पुन्हा पुन्हा गरम होण्याचा संभव वाढतो. त्या दिवशी घृष्णेश्वराच्या दर्शनाला किंवा म्हैसमाळला जायचे असेल, तर नाष्टा खुलताबाद गावात करावा, कारण तिथल्या हॉटेलांना गावातले रोजचे गिऱ्हाईक असते.

शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाची गर्दी असते. इथला मारुती निद्रिस्त रूपातला आहे, आणि श्रावणातल्या शनिवारी संभाजीनगरहून भाविक रात्रभर चालत येतात. त्या पहाटे हॉटेले नेहमीपेक्षा फार लवकर उघडतात. श्रावणी सोमवारी हीच गर्दी घृष्णेश्वरला असते. पावसाळ्यातल्या रविवारी धुके आणि हिरवळ पाहायला लोक म्हैसमाळवर लोटतात. रमजानच्या महिन्यात खुलताबादमधली काही हॉटेले दिवसा बंद असतात, हेही ध्यानात ठेवावे. गर्दीच्या दिवशी माल झपाट्याने खपतो, त्यामुळे तो ताजा असतो. परंतु जे पदार्थ एकेक करून तयार होतात, त्यांच्यासाठी फार थांबावे लागते. ज्यांना वार निवडता येतो, त्यांनी बुधवार किंवा गुरुवार निवडावा.

वेळेचा हिशेब साधारणपणे असा असतो. सातच्या सुमारास पोह्यांचा पहिला घाणा उतरतो. साडेसात ते नऊ या वेळात कढई, तवा आणि इडलीचे पात्र ही तिन्ही एकाच वेळी चालू असतात, आणि नाष्ट्यासाठी याहून चांगली वेळ नाही. दहानंतर पोहे, उपमा, खिचडी हे संपतात किंवा कोरडे पडतात. उसळ-रस्सा आणि तळण मात्र चालू राहते. अकराच्या पुढे आचाऱ्याचे लक्ष दुपारच्या जेवणाकडे वळते, भाज्या चिरायला घेतल्या जातात, आणि त्या वेळी मागितलेला डोसा मन लावून केलेला नसतो. लेणी सूर्योदयाला उघडतात, म्हणून आधी लेणी पाहून मग खाऊ, असा बेत काही जण करतात. एकट्यादुकट्या माणसाला तो जमतो. मुले आणि वडीलधारी माणसे बरोबर असतील तर आधी खावे. 34 लेणी आहेत; पहिल्या लेण्यापासून जैन लेण्यांपर्यंतचे अंतर मोठे आहे, आणि आत खाण्याचे पदार्थ नेता येत नाहीत.

हॉटेलाची पारख

गाडी थांबवल्यावर लगेच बसू नये. एकाने उतरून दोन मिनिटे उभ्याने पाहावे. दूधवाले, एसटीचे चालक-वाहक, शाळेला निघालेले शिक्षक, बाजाराला आलेले शेतकरी अशी माणसे बाकांवर असतील, तर ती मोठी साक्ष समजावी. पर्यटक पुन्हा येणार नाही हे हॉटेलवाल्याला ठाऊक असते. रोज येणाऱ्या माणसाला मात्र शिळे वाढून चालत नाही.

त्यानंतर कढईतले तेल पाहावे. सकाळचे तेल पिवळसर आणि पातळ दिसले पाहिजे. ते काळपट, दाट असेल, वर चिवट फेस जमत असेल आणि आच बेताची असूनही धूर येत असेल, तर ते कालचे किंवा परवाचे तेल आहे. वारंवार तापवलेल्या तेलात जे घातक घटक वाढतात, त्यांचे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेले तर ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम 2018 पासून लागू आहे. आपल्याजवळ ते मोजण्याचे साधन नसते, पण रंग, वास आणि फेस ही तीन लक्षणे पुरेशी बोलकी असतात. अशा ठिकाणी तळण घेऊ नये. इडली आणि चहा घेऊन निघावे.

तिसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे भांडी धुण्याची जागा. एकाच बादलीतल्या गढूळ पाण्यात बशा बुचकळून काढल्या जात असतील, तर पदार्थ कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. भिंतीवर परवाना लावलेला असावा. त्यावर 14 अंकी क्रमांक असतो आणि 1 जानेवारी 2022 पासून तो बिलावरही छापणे बंधनकारक आहे. अगदी लहान टपरीवर छापील बिल नसते, त्यामुळे तिथे या गोष्टीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. पण काचेचे दार आणि छापील मेनूकार्ड असलेल्या जागेत तो जरूर पाहावा. भजी वर्तमानपत्राच्या कागदावर दिली जात असतील तर शांतपणे बशी मागावी. छपाईची शाई गरम तेलाबरोबर पोटात जाते, आणि असे कागद वापरू नयेत असे प्राधिकरणाने स्पष्ट सांगितलेले आहे.

स्वच्छतागृह हवे असेल तर खाणे मागवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. लहान हॉटेलांत ही सोय बहुधा नसते किंवा नावापुरती असते, आणि याचा खरा त्रास स्त्रियांना होतो.

काय मागवावे

इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण एवढी पारख करून आत आल्यावरही चुकीचा पदार्थ मागवून नाष्टा बिघडतो.

आपल्या भागातल्या सकाळच्या हॉटेलात पोहे हा सर्वांत भरवशाचा पदार्थ आहे. मात्र तो घाण्याघाण्याने बघावा लागतो. पोहे परातीत किंवा मोठ्या भगोण्यात काढून मंद आचेवर ठेवतात. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत ते मऊ, मोकळे आणि ओलसर असतात. त्यानंतर कडेचे पोहे वाळून चिवट होतात आणि वरून पाण्याचा हबका मारून त्यांना पुन्हा मऊ केले जाते. असे हबका मारलेले पोहे गोळा होतात आणि त्यांचा हळदीचा रंग विटका दिसतो. ढीग संपत आला असेल तर “नवीन घाणा कधी निघतोय?” असे विचारून दहा मिनिटे थांबणे कधीही बरे. तोवर चहा घ्यावा. पोह्यांवर शेव घालू नका, वेगळी द्या, असे सांगितले तर ती शेवटपर्यंत कुरकुरीत राहते.

लातूर, नांदेड, धाराशिवकडची हॉटेले ज्यांना माहीत आहेत, त्यांना सुशीला ठाऊक असेलच. मुरमुरे पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे आणि डाळव्याच्या फोडणीत परतले की सुशीला होते. ती पोह्यांहून हलकी असते आणि प्रवासात पोटाला सोसते. वेरूळच्या बाजूला ती क्वचितच मिळते, पण कुठे फळ्यावर दिसली आणि ताजी करून देतो असे म्हणाले, तर जरूर घ्यावी. सुशीला पाच-सात मिनिटांत होते, म्हणून ती आधीपासून करून ठेवण्याचे कारण नसते. तयार ढिगातली सुशीला मात्र घेऊ नये, कारण भिजलेले मुरमुरे फार लवकर लिबलिबीत होतात.

साबुदाण्याची खिचडी हा या क्षेत्राच्या गावांतला महत्त्वाचा पदार्थ आहे. शनिवार, श्रावणी सोमवार, एकादशी अशा दिवशी उपवासाचे लोक मोठ्या संख्येने येतात. साबुदाणा निदान चार-पाच तास भिजवावा लागतो. म्हणजे रात्री जेवढा भिजवला तेवढीच सकाळची खिचडी, ती आयत्या वेळी वाढवता येत नाही. म्हणून उपवास असेल तर नऊच्या आत पोहोचावे, आणि बसण्यापूर्वीच खिचडी शिल्लक आहे का ते विचारावे. कडक उपवास पाळणाऱ्यांनी साबुदाणा वडा घेताना तो वेगळ्या कढईत तळला जातो का, हेही विचारावे. भज्यांच्या तेलात तळलेला वडा अनेकांना चालत नाही. खिचडी संपली असेल तर भगर आणि शेंगदाण्याची आमटी मिळते का ते पाहावे; ती दुपारच्या तयारीत कधी कधी लवकरच शिजलेली असते.

इडली वाफेवर होते, दहा-बारा मिनिटांत एक खेप निघते आणि तिला तेल लागत नाही. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी आणि लहान मुलांसाठी मी आधी इडलीच सुचवतो. सांबार वाफाळते असावे. गरम ठेवलेले अन्न 60 अंश सेल्सियसच्या वर असावे असा नियम आहे, आणि साध्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की वाटीतून वाफ निघाली पाहिजे आणि पहिला घोट फुंकर घालून घ्यावा लागला पाहिजे. चटणीची काळजी जास्त घ्यावी. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे जातो, आणि पहाटे वाटलेली ओल्या खोबऱ्याची चटणी दहा वाजेपर्यंत उघड्यावर राहिली तर आंबते. जिभेच्या टोकाला किंचित आंबट चुरचुर लागली की ती बाजूला ठेवावी. दह्याची चटणी असेल तर हे ओळखणे अवघड जाते, म्हणून उन्हाळ्यात सांबारावरच भागवावे.

मिसळीचा रस्सा सकाळी एकदाच होतो आणि तिखटपणा त्यातच ठरलेला असतो. “तिखट कमी करा” असे सांगून काही उपयोग होत नाही. त्याऐवजी वरची तर्री न घालता नुसती उसळ द्या आणि रस्सा वेगळ्या वाटीत द्या, असे सांगावे. सोबत दही मागावे. बाहेरगावच्या पाहुण्यांना मराठवाड्यातल्या रश्श्याचा अंदाज नसतो, त्यांना ही सूचना आधीच द्यावी.

मिरचीची भजी, आलूबोंडा, पाववडा हे पदार्थ पावसात म्हैसमाळच्या वाऱ्यात उभे राहून खाण्यासारखे आहेत, यात शंका नाही. ते कढईतून निघताना घ्यावेत. काचेच्या कपाटात रचून ठेवलेला बोंडा पुन्हा तेलात बुडवून गरम केला जातो, तेव्हा तो दुप्पट तेल पितो आणि आतला बटाटा थंडच राहतो.

डोसा आणि उत्तप्प्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: मोठी मंडळी बरोबर असतील तर ते टाळावेत. एका तव्यावर एका वेळी एक, फार तर दोन डोसे होतात, आणि प्रत्येकाला तीन-चार मिनिटे लागतात. आठ डोसे मागवले तर शेवटच्या माणसाच्या हाती डोसा पडेपर्यंत पहिल्याचे खाऊन हात धुऊन झालेले असतात. आणि आपल्या आधी तीन टेबलांनी डोसेच सांगितले असतील तर हिशेब आणखी लांबतो.

ऑर्डर कशी द्यावी

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका शनिवारी आम्ही सात जण एका हॉटेलात सव्वादहाला पोहोचलो. सगळ्यांना मसाला डोसा हवा होता, आणि मी विचार न करता सात डोसे सांगितले. माझ्या वडिलांना, अण्णांना, मधुमेह होता. नाष्टा लगेच मिळेल या समजुतीने त्यांनी गाडीतच गोळी घेतली होती. चाळीस मिनिटे झाली तरी डोसा आला नाही. अण्णांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. वाढणाऱ्या पोराच्या ते आमच्या आधी लक्षात आले, आणि त्याने न विचारता साखर जास्त घातलेला चहा आणून त्यांच्या हातात दिला. दहा-पंधरा मिनिटांत ते सावरले. त्या मुलाचे उपकार मी विसरलेलो नाही. चूक हॉटेलाची नव्हती. शनिवारच्या गर्दीत एका तव्यावर सात डोसे मागणाऱ्याची होती.

तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे. बसल्याबरोबर वाढणाऱ्याला “आत्ता लगेच काय मिळेल?” असा एकच प्रश्न विचारायचा. जे तयार आहे त्याच्या दोन-तीन बशा आधी मागवून सगळ्यांच्या मध्ये ठेवायच्या, म्हणजे मुले आणि वडीलधारी खायला लागतात. एकेकाला एकेक पदार्थ न सांगता सगळ्यांत मिळून तीनच प्रकार घ्यायचे. ज्याला वेळ लागतो असा पदार्थ हवाच असेल, तर तो पहिल्या फेरीतच सांगून टाकायचा आणि एक किंवा दोनच मागवायचा. चहा सगळ्यांत शेवटी, पण खाणे अर्धे झाल्यावर सांगायचा. तो बशीबरोबरच आला तर निवून जातो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी औषधाची वेळ डॉक्टरांशी आधीच बोलून ठरवावी, आणि प्रवासात खिशात साखर ठेवावी. रक्तातली साखर एकाएकी उतरली तर सुमारे 15 ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून देतात आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी विशेष जपावे. आपल्याकडे शेंगदाणा पोह्यांत दिसतो, पण खिचडीत कूट होऊन, चटणीत वाटून आणि तळणाच्या तेलातही तो असतो. “शेंगदाणे घालू नका” एवढे पुरत नाही. “शेंगदाण्याने त्रास होतो, दवाखान्यात न्यावे लागते” असे स्पष्ट सांगून, तेल कशाचे आहे तेही विचारावे. नीट उत्तर मिळाले नाही तर केळी आणि दूध घेऊन निघावे.

हाक कशी मारावी, यानेही फरक पडतो. वयस्क माणसाला मामा किंवा काका, तरुणाला भाऊ किंवा दादा, आणि गाडा एखादी बाई चालवत असेल तर ताई किंवा मावशी. टिचकी वाजवणे आणि अरे-तुरे करणे टाळावे. ही माणसे पहाटे चार-पाचपासून भट्टीपाशी उभी असतात. दुसरे कुटुंब त्याच बाकावर बसायला आले तर सरकून जागा द्यावी. खाऊन झाल्यावर बशीतच हात धुऊ नयेत.

पाण्याविषयी थोडक्यात: घरून भरून आणलेले पाणी सर्वांत चांगले. जारचे थंड पाणी शुद्धच असते असे नाही, विशेषतः पावसाळ्यात. बंद बाटली घेताना झाकणाचे सील स्वतः तोडावे.

बिल

लहान हॉटेलात बिल कागदावर नसते. वाढणारा गल्ल्याकडे पाहून मोठ्याने आकडा सांगतो आणि आपण तिथे पैसे देतो. म्हणून मागवलेले पदार्थ लक्षात ठेवणे हे आपले काम, आणि भाव फळ्यावर नसेल तर तो आधी विचारणे हेही आपलेच काम. जास्तीचा रस्सा, सांबार, पाव यांचे पैसे लागतात का, हे मागतानाच विचारावे.

छापील बिल मिळाले तर दोन ओळी वाचाव्यात. साध्या हॉटेलात जीएसटी 5 टक्के असतो, आणि तो लावायचा तर बिलावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या लहान हॉटेलाला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. सेवाशुल्काच्या नावाखाली आपोआप रक्कम जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. असे शुल्क दिसल्यास ते काढायला नम्रपणे सांगावे. ऐकले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. वाढणाऱ्याला खुशीने काही द्यायचे असेल तर बडीशेपेच्या बशीत ठेवून न जाता त्याच्या हातात द्यावे, म्हणजे ते नक्की त्यालाच मिळते. म्हैसमाळवर मोबाइलला रेंज कधी कधी नसते, तेव्हा मोबाइलवरून पैसे देण्यावर विसंबू नये. दहा-वीसच्या सुट्या नोटा जवळ असाव्यात.

पार्सल नेताना

पुढे डोंगरावर काही मिळेल न मिळेल, या विचाराने अनेक जण पार्सल घेतात. त्यासाठी घरून स्टीलचे दोन डबे आणि कापडी पिशवी आणावी. महाराष्ट्रात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरीही पातळ पिशवीत उकळते सांबार ओतून देणारे भेटतात. ते घेऊ नये. पार्सलसाठी कोरडे पदार्थ निवडावेत: इडली, पुरी, चटणीशिवायचा वडा, उकडलेले शेंगदाणे. पोहे आणि खिचडी बंद डब्यात वाफ धरून चिकट होतात. रस्सा, ओली चटणी, दही हे पदार्थ जागेवरच संपवावेत. वेरूळच्या परिसरात वानरे हातातली पिशवी ओढून नेतात, तेव्हा डबा गाडीतच ठेवावा. मात्र उन्हात उभ्या केलेल्या गाडीत अन्न फार लवकर खराब होते. गाडी सावलीला लावावी, डबा सीटखाली ठेवावा, आणि नाष्ट्यानंतर दोन तासांच्या आत त्यातले खाऊन घ्यावे.